जुलै २०१२ मधील ग्रिड बिघाडाचा चौकशी अहवाल : स्थैर्य विश्लेषणाच्या दृष्टीने एक चिकित्सा

प्रस्तावना : ३० व ३१ जुलै २०१२ रोजी भारतातील वीज ग्रिड लागोपाठ दोनदा कोसळले. पहिल्या दिवशी उत्तर विभागातील सुमारे ३६,००० मेगावॅट, तर दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य विभागांतील मिळून सुमारे ४८,००० मेगावॅट भार बंद पडला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अध्यक्षांच्या नेतृत्वाखालील समितीने १६ ऑगस्ट २०१२ रोजी अहवाल सादर केला. वीजप्रणालीच्या स्थैर्याचा अभ्यास करणाऱ्यांसाठी तो महत्त्वाचा दस्तऐवज आहे.

अहवालाचे बलस्थान : दोन्ही दिवशी आरंभ ४०० केव्ही बीना-ग्वाल्हेर वाहिनीपासून झाला. जोडीची वाहिनी ७६५ केव्ही दर्जावाढीसाठी बंद असल्याने पश्चिमेकडून उत्तरेकडे जाणारा भार हिच्यावर एकवटला होता. संरक्षक रिले व्होल्टेजला विद्युतप्रवाहाने भागून इम्पिडन्स मोजतो. व्होल्टेज उतरले, प्रवाह वाढला आणि रिलेने अतिभारालाच बिघाड समजून वाहिनी तोडली. मग वीज पूर्व विभागाच्या लांब वळणाने उत्तरेस जाऊ लागली. मार्ग लांबला की तेवढीच वीज नेण्यासाठी दोन टोकांच्या जनित्रांमधील कोन वाढतो. मर्यादा ओलांडताच त्यांची समगती तुटते. या आंदोलनाचे केंद्र पहिल्या दिवशी उत्तर-पूर्व विभागांच्या सीमेवर होते, दुसऱ्या दिवशी पूर्व विभागात, पश्चिम विभागाच्या सीमेजवळ. म्हणूनच ग्रिड दोन दिवशी दोन ठिकाणी तुटले. हा फरक अहवालाने नेमका दाखविला आहे.

उणीव : दुबळे आंतरविभागीय मार्ग, या वाहिनीवरील अतिभार, राज्य भार प्रेषण केंद्रांचा अपुरा प्रतिसाद आणि वाहिनी तुटणे असे चार घटक अहवाल देतो. मात्र ते एका रांगेत येतात. त्यांतील कार्यकारण वाचकालाच जोडावे लागते. परिणामी चर्चेत ‘राज्यांनी जादा वीज उचलली’ एवढेच प्रामुख्याने उरते. वास्तविक घटनेपूर्वीची वारंवारता पहिल्या दिवशी ४९.६८ हर्ट्झ, तर दुसऱ्या दिवशी ४९.८४ हर्ट्झ होती. ती ५० च्या अधिक जवळ असतानाच मोठी पडझड झाली. वारंवारता निर्मिती व मागणी यांचा मेळ सांगते. तो मेळ कोणत्या वाहिनीच्या जिवावर जमला, हे सांगत नाही. उत्तरेची जादा उचल आणि पश्चिमेची कमी उचल बेरजेत एकमेकींना झाकतात, पण मधल्या वाहिनीवर दोहोंचा भार एकाच दिशेने पडतो. हे सूत्र अहवालाच्या सामग्रीत आहे. ते निष्कर्षाच्या अग्रभागी असायला हवे होते.

निष्कर्ष : ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीमुळे दक्षिण विभागही जोडला जाऊन देशाचे ग्रिड एक झाले. ग्रिड जितके विस्तृत, तितकी वारंवारता संथपणे बदलते आणि एखाद्या मार्गावरील ताण तिच्या आकड्यात सहज लपू शकतो. त्यामुळे अभियांत्रिकी अध्यापनात हा अहवाल अवश्य वापरावा. परंतु वारंवारतेबरोबर कोन आणि मार्ग यांचेही वाचन विद्यार्थ्यांना शिकविले जाणे आवश्यक आहे.