क्रोशाचा ससा
अमिगुरुमी ही मूळची जपानी कला: क्रोशाने विणून आत कापूस भरलेली बाहुली. पहिल्या फेरीत ६ मुके खांब, पुढे १२, मग १८, असे वाढवीत गेले की डोके गोल येते. कंग्राळीच्या एका घरी असा ससा आम्ही पाहिला. वीण निर्दोष, परंतु ४ वर्षांच्या मुलीस त्याला हात लावण्याची मनाई! आमचा आक्षेप येथेच आहे. दिवाळीत याच अंगणात मुले चिखल कालवून किल्ला रचतात. बुरूज ढासळला तरी कोणी रागावत नाही. लहान हातांना सुई पेलत नसेल, पण रंग निवडणे, कापूस भरणे हे त्यांचेच काम. (डोळे मात्र दोऱ्याने भरावेत, मणी तोंडात जातो.) पुढे विणलेल्या दुसऱ्या सशाचे पोट त्या मुलीने कापूस कोंबून वाकडे फुगविले आहे. आम्हांस तोच अधिक आवडला.