चमकलं म्हणजे सापडलं का?

सोन्याचे नॅनोकण आणि डीएनए यांची जोडी म्हटली की 'कर्करोगावर सोनेरी उपाय' अशा बातम्या येतात. त्या वाचताना उपयोगी पडेल असा या क्षेत्रातला एक वाद आज तुम्हाला सांगते.

१९९६ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चाड मर्किन यांच्या गटाने सोन्याच्या १३ नॅनोमीटरच्या कणांवर डीएनएचे छोटे धागे गंधकाच्या दुव्याने बसवले. दोन्हीकडे जुळणारा डीएनए मिळाला की कण एकत्र येतात आणि लाल द्रावण जांभळट होतं. साध्या डोळ्यांना दिसणारी चाचणी! परीक्षानळीत हे छान चालतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

खरा प्रश्न पेशीत शिरल्यावर येतो. 'नॅनोफ्लेअर' या प्रकारात कणावरच्या धाग्याला आणखी एक छोटा, चमकणारा धागा चिकटवलेला असतो. सोन्याजवळ त्याची चमक दबते. पेशीतला हवा तो एमआरएनए येऊन जुळला की छोटा धागा सुटतो आणि प्रकाश दिसतो.

पण पेशी असे कण गिळते ते एका पिशवीत, म्हणजे एंडोसोममध्ये. एमआरएनए असतो पिशवीबाहेर. मग दोघांची गाठ पडणार कशी? शिवाय डीएनए कापणाऱ्या विकरांनी धागा तोडला तरी प्रकाश दिसणारच! राफाएल लेव्ही यांच्या गटाने २०१५ मध्ये हाच मुद्दा मांडला. तोवर यावर आधारलेलं उत्पादन प्रयोगशाळांना विकलंही जात होतं.

मला हा आक्षेप पटतो. कशाशीच न जुळणारा धागा लावलेले कणही तितकेच चमकत असतील, तर त्या प्रकाशावरून एमआरएनएबद्दल काहीच सांगता येत नाही. ही तुलना शोधनिबंधात ठळक दिसायलाच हवी.

याचा अर्थ सगळं क्षेत्र पोकळ आहे असा नाही. २०२१ मध्ये ग्लायोब्लास्टोमा उलटलेल्या ८ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. डीएनएचा भाऊबंद असलेला आरएनए लावलेले सोन्याचे कण शस्त्रक्रियेआधी शिरेतून दिले होते. काढलेल्या गाठीत सोनं सापडलं आणि गंभीर विषबाधा दिसली नाही. औषध मेंदूतल्या गाठीपर्यंत पोचलं, हे मोलाचंच. पण आजार बरा होतो का, हे तपासायची ती चाचणीच नव्हती.

तेव्हा पुढची बातमी वाचताना दोन गोष्टी बघा: कण नेमके कुठवर पोचले, आणि तुलनेसाठी काय ठेवलं होतं.