अंधारात चालणारे शहर

काही वर्षांपूर्वी धाराशिव जिल्ह्यात, कळंब तालुक्यातील एका शाळेत आम्ही आकाशदर्शनासाठी गेलो होतो. ऐन वेळी ढग आले, दुर्बीण झाकून ठेवावी लागली आणि वर्गातच प्रश्नोत्तरे सुरू झाली. नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, सूर्याच्या अगदी जवळच्या ग्रहावर एखादे गावच सारखे चालत राहिले, तर ते कायम रात्रीत राहील का?" मुले हसली. आम्हीही हसलो आणि म्हणालो, "नाही बाळ, तेवढ्या वेगाने गाव कसे चालेल?" ती मुकाट्याने खाली बसली.

आमच्या डोक्यात तेव्हा पृथ्वी होती. धाराशिवच्या अक्षांशावर उजेड-अंधाराची सीमा ताशी सुमारे १६०० किलोमीटर वेगाने सरकते. तिच्याबरोबर राहायचे तर नेहमीचे प्रवासी विमानही अपुरे पडेल. पण मुलीने पृथ्वीविषयी विचारलेच नव्हते. परतीच्या वाटेवर गाडीत हिशेब केला. बुधाच्या विषुववृत्ताचा परीघ सुमारे १५,३३० किलोमीटर. तेथे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत पृथ्वीचे १७६ दिवस, म्हणजे ४२२४ तास लागतात. भागाकार केला तर उत्तर येते ताशी साधारण ३.६ किलोमीटर! शाळेत निघालेल्या मुलाची चाल यापेक्षा जास्त असते. आमचे उत्तर सपशेल चुकले होते.

हा प्रश्न तिला सुचला तो एका कादंबरीवरून, हे कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी कळले होते. तिचा भाऊ पुण्याला अभियांत्रिकी शिकत होता. जुन्या पुस्तकांच्या ढिगातून त्याने टिमथी झान यांची 'एअर टू दि एम्पायर' (साम्राज्याचा वारस) आणली होती आणि सुट्टीत तो ती बहिणीला मराठीतून सांगत होता. चूक लक्षात आल्यावर आम्ही ते पुस्तक मिळवून वाचले. मग त्याच्या पुढचे दोन भागही वाचले.

'स्टार वॉर्स' हे नाव शिक्षकांना नवे नसेल. मूळचे तीन चित्रपट १९७७, १९८० आणि १९८३ सालचे. चित्रपटांची कथा कादंबरीतून पुढे नेण्याचा उद्योग त्याआधीच सुरू झाला होता. ॲलन डीन फॉस्टर यांची 'स्प्लिंटर ऑफ दि माइंड्स आय' १९७८ ची. पुढचा चित्रपट कमी खर्चात काढण्याची वेळ आली तर उपयोगी पडावी म्हणून ती लिहून घेतली होती. म्हणूनच ती जवळजवळ सगळी धुक्याने भरलेल्या एका ग्रहावर घडते. धुक्यामागे देखावे उभारावे लागत नाहीत! खरी लाट आली ती झान यांच्या १९९१ ते १९९३ मधल्या तीन कादंबऱ्यांनी. झान भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर पदवीधर. पीएच.डी.चे काम अर्धवट सोडून ते लेखनाकडे वळले.

हे शिक्षण पुस्तकात जाणवते. न्क्लॉन नावाचा त्यांचा ग्रह सूर्याला इतका चिकटलेला आहे की तेथे येणाऱ्या यानांना छत्रीसारख्या प्रचंड ढालीआड लपून यावे लागते. तेथील खाणीचे शहर चाळीस यांत्रिक चतुष्पादांच्या पाठीवर बसवले आहे आणि ते रात्रीच्या बाजूने अखंड चालत राहते. चित्रपटात हे चतुष्पाद केवळ धाक घालण्यासाठी होते. झान यांनी त्यांना काम दिले, आणि काम दिल्याबरोबर एक गणित तयार झाले.

दुसरे उदाहरण जीवशास्त्राच्या शिक्षकांना आवडेल. चित्रपटांत 'फोर्स' नावाची एक गूढ शक्ती आहे. ती ज्याला वश, त्याला काहीही साधते. कथाकाराच्या दृष्टीने ही मोठीच अडचण. सर्वशक्तिमान नायकापुढे पेच कसला टाकणार? झान यांनी झाडावर राहणारा, सरड्यासारखा एक प्राणी कल्पिला. त्याच्या आसपास ती शक्ती चालतच नाही. हा गुण त्याच्यात आला कसा? तर त्याच रानातला हिंस्र पशू या शक्तीच्या साहाय्याने भक्ष्य हुडकतो, म्हणून. वटवाघळाचा आवाज चुकवणाऱ्या पतंगांविषयी शिकवताना आपण हेच सांगतो. शक्ती काल्पनिक, पण युक्तिवाद डार्विनचा. विज्ञानकथेत आम्हाला एवढे पुरते.

मात्र तिसऱ्या भागात हाच सरडा झान यांच्या अंगावर उलटला आहे. तेथे खलनायक जेमतेम काही आठवड्यांत धडधाकट सैनिकांच्या प्रतिकृती वाढवतो, आणि एवढ्या घाईने वाढवूनही त्या वेड्या होत नाहीत, कारण जवळ सरडे ठेवलेले असतात. सत्तर किलोचे शरीर घडायला लागणारे अन्न आणि पेशीविभाजनाला लागणारा वेळ यांचे काय, हे कोणी विचारतच नाही. पहिल्या भागात निसर्गनियम असलेला प्राणी तिसऱ्या भागात रामबाण औषध झाला आहे.

याहून मोठी गोची 'पार्सेक'ची. पहिल्या चित्रपटात एक वैमानिक फुशारकी मारतो की आपल्या यानाने केसेलची फेरी बारा पार्सेकांपेक्षा कमीत पुरी केली. पार्सेक हे अंतराचे माप आहे. एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे. 'मी कळंबहून तुळजापूरला अमुक किलोमीटरपेक्षा कमी वेळात गेलो' म्हणण्यासारखेच हे झाले. पुढच्या कादंबरीकारांना ही चूक निस्तरावी लागली. केविन अँडरसन यांनी १९९४ च्या 'जेडाय सर्च'मध्ये केसेलशेजारी कृष्णविवरांचा एक पुंजका दाखवला आणि १९९८ मध्ये ए. सी. क्रिस्पिन यांनी 'रिबेल डॉन'मध्ये वैमानिकाला त्याच्या काठाने नेऊन अंतर वाचवले. ठिगळ कौशल्याचे आहे, पण टिकत नाही. कृष्णविवराच्या अगदी जवळ गेलेले घड्याळ दूरच्या घड्याळापेक्षा मंद चालते; म्हणजे जवळच्या वाटेने गेलेला गडी वाट पाहणाऱ्यांच्या हिशेबाने उशिरा पोचण्याचीच भीती. शिवाय इतकी कृष्णविवरे दाटीवाटीने फार काळ नांदणार नाहीत. काही बाहेर फेकली जातील, काही एकमेकांत विलीन होतील. दोन कृष्णविवरांच्या अशा विलीनीकरणातून निघालेल्या गुरुत्वलहरी १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथम नोंदल्या गेल्या. तशाच लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला भारतात २०२३ मध्ये अंतिम मंजुरी मिळाली. तिची जागा आपल्या मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ आहे. वर्गात पार्सेक शिकवताना ही चूक जरूर सांगावी. विद्यार्थी पार्सेक विसरणार नाहीत.

आर्थर क्लार्क यांच्यापुढेही असाच पेच होता. १९६८ च्या '२००१: ए स्पेस ओडिसी'मध्ये चित्रपटातले यान गुरूकडे जाते, कादंबरीतले शनीकडे. १९८२ मध्ये कथा पुढे नेताना त्यांनी स्वतःच्या कादंबरीतला शनी सोडला आणि चित्रपटातला गुरू पत्करला. मध्यंतरी, १९७९ मध्ये, व्हॉयेजर यानांनी गुरूच्या युरोपा या चंद्राचा बर्फाळ पृष्ठभाग दाखवला होता. तो त्यांनी कथेत आणला. आधीच्या विसंगतीवर ठिगळ लावत ते बसले नाहीत, आणि आम्हाला हा मार्ग अधिक सरळ वाटतो.

'स्टार वॉर्स'च्या कादंबऱ्यांचे पुढे काय झाले? २०१२ मध्ये ही मालमत्ता डिस्नेने विकत घेतली आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाले की आजवरच्या कादंबऱ्या अधिकृत कथेचा भाग नाहीत, त्या 'दंतकथा' समजाव्यात. शंभरावर पुस्तके एका पत्रकाने बाद झाली. त्यांतली बरीचशी बाद होण्याच्याच लायकीची होती, हे कबूल. नायकाला नवा खलनायक आणि खलनायकाला नवे महास्त्र द्यायचे, एवढाच तो कारखाना. पण न्क्लॉनचा भागाकार कोणाच्या पत्रकाने बाद होत नाही.

मराठीत अशी लांबलचक अंतराळमाला रुजली नाही. आपल्याकडे विज्ञानकथा रुजली ती स्पर्धेतून आणि मासिकातून. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती टोपणनावाने, आणि बक्षीस मिळवले. तेथे आधी विज्ञान होते, कथा मागून आली. झान यांना आधी चित्रपट मिळाला आणि विज्ञान नंतर आत सरकवावे लागले. दुसरे काम सोपे नाही.

त्या मुलीला आम्ही शाळेच्या पत्त्यावर पत्र लिहिले. चूक कबूल केली, बुधाचे गणित मांडले आणि चंद्रावर हाच वेग ताशी सुमारे साडेपंधरा किलोमीटर येतो, म्हणजे तेथे सायकल लागेल, असेही कळवले. पंधरा दिवसांनी उत्तर आले. गणित तिने पुन्हा करून पाहिले होते आणि ते बरोबर होते. खाली एकच ओळ होती : "सर, पण मग माणसाने झोपायचे कधी?"