जनुके कोणाची तपासायची?

अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर अमुक जनुकप्रकार असलेल्या रुग्णांना विषाणूंचा त्रास अधिक होतो, असे सांगणारे शोधनिबंध गेल्या पंचवीसेक वर्षांत बरेच आले. त्यांतील अनेकांवर आमचे दोन आक्षेप आहेत.

पहिला जीवशास्त्राचा. सायटोमेगॅलो विषाणू बहुतेकांच्या शरीरात लहानपणीच शिरतो व जन्मभर सुप्त राहतो. प्रत्यारोपणापूर्वी रुग्णाची मज्जा औषधांनी वा किरणांनी नष्ट करतात. पहारा उठला, की विषाणू जागा होतो. नवे पहारेकरी, म्हणजे पांढऱ्या पेशी, दात्याच्या मज्जेतून येतात. त्यांतील जनुकेही दात्याचीच! रुग्णाच्या इतर ऊतींची जनुके मात्र बदलत नाहीत. तेव्हा तपासणी दोघांचीही हवी. केवळ रुग्णाची जनुके पाहणे म्हणजे अर्धाच पुरावा तपासणे होय.

दुसरा आक्षेप गणिताचा. परस्परांशी संबंध नसलेले 20 जनुकप्रकार तपासले आणि प्रत्येक वेळी 5 टक्के चूक चालवून घेतली, तर काहीही संबंध नसताना निदान एक 'संबंध' सापडण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते. (0.95 चा विसावा घात विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा व तो 1 मधून वजा करावा.) म्हणून वेगळ्या रुग्णसमूहात तोच निष्कर्ष मिळेपर्यंत तो केवळ अंदाज समजावा.

हा नुसता काथ्याकूट नव्हे. कच्च्या निष्कर्षावरून जुळणारा दाता नाकारला, तर रुग्णाच्या जिवाशी खेळ होईल. रुग्णाला व दात्याला हा संसर्ग पूर्वी झाला होता का, हे सांगणारी रक्तातील प्रतिपिंडांची साधी चाचणी आजही अधिक भरवशाची आहे.