आबे द लेपे यांच्या ग्रंथाचा पुनर्विचार

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (१०:१७) विश्वासाचा संबंध ऐकण्याशी जोडला आहे. या वचनाचा अक्षरशः अर्थ लावून, ज्याला ऐकू येत नाही त्याला श्रद्धेचे दार बंदच, असे मानणारे ख्रिस्ती समाजात पुष्कळ होऊन गेले. फ्रेंच धर्मगुरू आबे शार्ल-मिशेल द लेपे (१७१२–१७८९) यांचा १७७६ साली प्रसिद्ध झालेला कर्णबधिरांच्या शिक्षणावरील ग्रंथ हे या समजुतीला दिलेले उत्तर होय. त्याचे मोठेपण आम्हांस मान्य आहे. परंतु त्यातील एक उणीव आपणा धर्मशिक्षकांचीही असल्यामुळे तिच्याकडे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते.

पॅरिसमधील दोन कर्णबधिर जुळ्या बहिणींना एक धर्मगुरू चित्रांच्या साहाय्याने शिकवीत असत. त्यांच्या मृत्यूनंतर या मुली धर्मज्ञानावाचून राहतील, या कळकळीने १७६० च्या सुमारास लेपे यांनी ते कार्य हाती घेतले. कानांनी जे आत जात नाही ते डोळ्यांनी जाऊ शकते, हा त्यांचा सिद्धांत. त्यांनी आपल्या शाळेचे दार गरिबांनाही विनामूल्य उघडले.

मात्र विद्यार्थ्यांच्या खुणा स्वीकारताना त्यांनी त्यांवर फ्रेंच व्याकरण लादले. उपपद हा शब्दांचा सांधा, म्हणून बोटांच्या सांध्यांची खूण. पुल्लिंगासाठी हात टोपीकडे, स्त्रीलिंगासाठी कानाकडे. अशा खुणा पाहून विद्यार्थी वाक्ये अचूक लिहून काढीत व जमलेले प्रेक्षक थक्क होत. पण लिहिलेले त्यांना उमजले होते काय? विद्यार्थी स्वतःचे विचार लिहून मांडतील अशी आशा धरू नये, असे १७८३ साली आबे सिकार यांना लिहिलेल्या पत्रात लेपे यांनीच सुचविले आहे. आमच्या मते ही न्यूनता विद्यार्थ्यांची नव्हे, पद्धतीची होती.

याची साक्ष पिएर देलोज या कर्णबधिर कारागिराने १७७९ साली लिहिलेल्या छोट्या पुस्तकात मिळते. पुस्तकबांधणीवर पोट भरणारा हा मनुष्य खुणांच्या विरोधकांना उत्तर देण्यासाठी लेपे यांच्या बाजूने पुढे आला. तथापि त्याने सांगितलेली गोष्ट लेपे यांच्याही पुढची आहे : शाळेची पायरी न चढलेले पॅरिसचे कर्णबधिर आपसांत सर्व विषयांवर खुणांनी बोलत असत. म्हणजे गुरूच्या आधीच भाषा तेथे होती. पुढे १८१७ साली बेबियाँ यांनी व्याकरणी खुणांवर टीका केली आणि कालांतराने त्या मागे पडल्या.

१८८० च्या मिलान परिषदेत ऐकू येणाऱ्या शिक्षकांनी वाणीचाच आग्रह धरून खुणांना शाळेबाहेर काढले. त्या निर्णयाबद्दल खेद व्यक्त होण्यास २०१० साल उजाडावे लागले.

आम्ही हे दुरून लिहीत नाही. आमच्या धर्मशिक्षणवर्गात एक कर्णबधिर मुलगा होता. प्रश्नोत्तरे तो सुवाच्य अक्षरात उतरवून काढी आणि तेवढ्यावर आम्ही संतुष्ट होतो. त्याची धाकटी बहीण त्याच्याशी हातांनी बोले. तिच्याजवळ बसून त्या खुणा शिकाव्यात असे आम्हांस सुचले नाही.

मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभूने बहिऱ्या मनुष्यास गर्दीतून बाजूला नेले, त्याच्या कानांना व जिभेला स्पर्श केला, आकाशाकडे पाहिले आणि मग शब्द उच्चारला. त्याला कळेल ते प्रभूने आधी केले. धर्मशिक्षकाने हाच क्रम पाळावा : आधी शिकावे, मग शिकवावे.