पदराआडून ऐकलेली लावणी

मागे आवाज पोचतोय ना? पंखा थोडा कमी केला तर बरं होईल, नाहीतर जे पुढे रेकॉर्डिंग ऐकणार आहेत त्यांना आमच्यापेक्षा पंखाच जास्त ऐकू येईल.

मागच्या व्याख्यानानंतर इथल्याच एका तरुण श्रोत्याने आम्हाला गाठलं. म्हणाला, "सर, तुमी सुलोचनाबाईचे एवढे चाहते, मंग 'नटरंग'मधल्या लावण्या तुमाले काहून आवडत नाहीत?" आम्ही तेव्हा हसून वेळ मारून नेली. 'पूर्वीचं राहिलं नाही' असं काहीतरी पुटपुटलो. चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने द्यावं असं ते उत्तर नव्हतं. घरी गेल्यावर ते डाचायला लागलं. मग आठ दिवस आम्ही 'नटरंग'चा अल्बम रोज संध्याकाळी ऐकला. चित्रपट १ जानेवारी २०१० चा; म्हणजे गाणी तुमच्या दृष्टीने जुनी झाली, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या लेखी ती नवीनच. त्यातल्या दोन्ही लावण्या बेला शेंडे यांनी गायल्या आहेत. त्यांच्याविषयी एका चाहत्याचं मत सांगायचं म्हणून आज उभे आहोत, पण चाहता मुळात सुलोचनाबाईंचा. म्हणून सुरुवात तिथूनच करावी लागेल.

आम्ही सुलोचनाबाई पहिल्यांदा ऐकल्या त्या लग्नाच्या मांडवात. 'सवाल माझा ऐका' १९६४ चा आणि 'मल्हारी मार्तंड' १९६५ चा. आम्ही तेरा-चौदा वर्षांचे. लाउडस्पीकरवाला झाडाला भोंगा बांधायचा, तबकडीवर सुई ठेवायचा, आणि त्या आवाजाने आख्खी आळी जागी व्हायची. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि म्हातारे ऐकू न आल्यासारखं करायचे. आमचे वडील मांडवात आले की आम्ही तिथून उठायचो आणि मांडवामागे जाऊन तेच गाणं ऐकायचो. एकदा मागे गेलो तर वडीलही तिथेच उभे होते. आम्ही दोघांनीही एकमेकांना पाहिलं नाही, असं ठरलं. ठरलं म्हणजे काय, कुणी काही बोललंच नाही.

'मल्हारी मार्तंड'मधली लावणी उसाच्या फडाची. शब्द गदिमांचे. आता आपल्या कारंज्यात ऊस कुठला? इथे कापूस. गाड्यांच्या रांगा लागायच्या त्या कापसाच्या, आणि मूर्तिजापूर-यवतमाळची आपली शकुंतलाही कापसासाठीच टाकलेली. तुरा आलेला फड कसा दिसतो, कोल्हा त्यात शिरून काय नुकसान करतो, हे आम्ही तोवर डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. तरी गाण्यातला उसाखालचा अर्थ पोराटोरांना कळला. ते शब्दांनी केलं असं आम्ही पुष्कळ दिवस समजत होतो. आता वाटतं, ते आवाजाने केलं.

हा आवाज करतो तरी काय? ओळीच्या पहिल्या अक्षरावर ती असा आघात करते की शब्द पुढ्यात येऊन पडतो. ओळीच्या शेवटी आवाज लांबवत नाही, तोडते. तोडलेल्या जागी ढोलकी येते, आणि ऐकणाऱ्याला तेवढ्या वेळात जे समजायचं ते समजतं. लोक ज्याला ठसका म्हणतात तो बराचसा या तोडण्यात आहे. चावटपणा शब्दांत असतो, पण ती स्वतः तो अधोरेखित करत नाही. सरळ म्हणते आणि पुढे जाते. गाणारीने डोळा मारला तर ऐकणाऱ्याला काही करायला उरत नाही. सुलोचनाबाई आवाजाने डोळा मारत नाहीत, म्हणून मांडवामागे उभ्या असलेल्या दोन माणसांना आपापला अर्थ काढता आला.

हा आवाज गावरान, असं सगळे म्हणतात. आम्हीही म्हणायचो. पण बाई मुंबईच्या, गिरगावातल्या. जन्म १३ मार्च १९३३. सुरुवातीला त्या सुलोचना कदम या नावाने हिंदी चित्रपटांत गायच्या. १९५१ चा 'ढोलक' ऐका, संगीत श्यामसुंदर यांचं. काय तो मऊ, नाजूक आवाज! ही बाई पुढे लवंगी मिरचीसारखी गाईल असं कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं. मग आचार्य अत्र्यांचा 'हीच माझी लक्ष्मी', तिथे वसंत देसाईंनी लावणी गाऊन घेतली. पुढे यजमान श्यामराव चव्हाण यांनी लावणीचे शब्द कसे फेकायचे, कुठे झटका द्यायचा, हे त्यांच्याकडून घोटून घेतलं. म्हणजे जो आवाज आम्ही मातीतून उगवलेला समजत होतो तो चाळीत, मेहनतीने, शब्द घासून घासून घडवलेला होता. यात कमीपणा काहीच नाही. उलट कलाकृती म्हणतात ती हीच.

अमेरिकेत खेड्यापाड्याच्या गाण्याचा एक मोठा प्रवाह आहे, त्याला कंट्री म्हणतात. त्यातली मोठी गायिका लोरेटा लिन. केंटकीच्या डोंगरातल्या खाणकामगाराची मुलगी, जन्म १९३२. तिने 'कोल मायनर्स डॉटर' या नावाचा अल्बम काढला, म्हणजे खाणकामगाराची लेक. तिथला चाहता गाण्याला विचारतो, हे तू जगलीस का? आणि लोरेटाबाई म्हणू शकत होती, हो, जगले. सुलोचनाबाई तिच्याहून वर्षाने धाकट्या, आणि दोघी गेल्या २०२२ साली, दोन महिन्यांच्या अंतराने. पण आमच्या बाईला तो प्रश्न विचारला तर उत्तर 'नाही' असं येतं. ना फड, ना बोर्ड, ना पायात चाळ. तरी लावणी म्हटलं की महाराष्ट्राला पहिला त्यांचाच आवाज आठवतो.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतो आहोत तिथे येऊ. सुलोचनाबाईंना पद्मश्री मिळाली २०२२ साली, आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या गेल्या. तेव्हा जे जे लिहिलं-बोललं गेलं त्यात एक वाक्य हटकून होतं: लावणी गातानाही त्यांनी डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही. आम्हीही इथे कारंज्यात एका छोट्या श्रद्धांजलीच्या बैठकीत हेच म्हणालो होतो, गळा दाटून म्हणालो होतो. टाळ्याही पडल्या.

मंडळी, हे वाक्य आज आम्ही परत घेतो.

पहिलं कारण असं, की ते गाण्याविषयी काहीच सांगत नाही. ध्वनिमुद्रिकेत पदर ऐकू येत नाही. अभिनवगुप्ताने रसास्वादात येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यातलं एक असं, की भाव 'माझा' किंवा 'त्या अमक्याचा' म्हणून बांधून टाकणं. गाणारी कुलीन आहे म्हणून बरं वाटणं, हे विघ्नच की! आम्ही वर्गात ही विघ्नं शिकवायचो, उदाहरणं कालिदासाची द्यायचो. लावणीचं उदाहरण एकदाही दिलं नाही. एका विद्यार्थ्याने एकदा दिलं, तर 'विषयाला धरून बोला' म्हणून आम्हीच त्याला बसवलं. तो काय म्हणणार होता ते आता कळायचा मार्ग नाही.

दुसरं कारण जास्त जड आहे. सुलोचनाबाईंचा पदर ढळला नाही म्हणून आपण त्यांना नमस्कार करतो, तेव्हा ज्यांना पदर कमरेला खोचून बोर्डावर उभं राहावं लागलं त्यांच्याविषयी आपण काय म्हणतो? विठाबाई नारायणगावकर फडात बाळंत होऊन पुन्हा प्रेक्षकांसमोर उभी राहिली, ही हकीकत सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आज तिच्या नावाने शासन पुरस्कार देतं. शेवटचे दिवस मात्र तिने ओढगस्तीत काढले. वाईच्या यमुनाबाई बैठकीत एकेका ओळीवर कितीतरी परींनी अदा करायच्या. १९१५ साली जन्मलेल्या त्या बाईंना पद्मश्री मिळाली २०१२ साली. लावणी जपली ती अशा बायकांनी, आणि जातीचा, पेशाचा कलंक वाहिला तोही त्यांनीच. आमच्यासारख्या घरांत मात्र लावणी शिरली ती सुलोचनाबाईंच्या पदराआडून. पदर होता म्हणून आम्ही हात न मळवता ऐकू शकलो. 'पदर ढळू दिला नाही' ही आमची स्तुती म्हणजे आम्ही स्वतःलाच दिलेलं चारित्र्याचं प्रमाणपत्र होतं. यात सुलोचनाबाईंचा काडीचा दोष नाही. पदर कसा घ्यायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न. दोष ऐकणाऱ्याचा.

इथे आमचं शास्त्रही थोडं लंगडं पडतं, हे कबूल केलं पाहिजे. गाणारीचं आयुष्य बाजूला ठेवा म्हणावं, तर विठाबाईचं आयुष्यही बाजूला पडतं, आणि ते बाजूला ठेवणं म्हणजे पुन्हा सोयीचंच ऐकणं. यातून अभिनवगुप्त आम्हाला सोडवत नाही. आम्ही अजून अडकलेलेच आहोत.

बरं, 'नटरंग'. आमची तक्रार होती की हे 'अस्सल' नाही, स्टुडिओतलं आहे. ती तक्रार आता आम्हाला करता येत नाही, कारण सुलोचनाबाईही स्टुडिओतल्याच. शिवाय तो चित्रपट ज्या कादंबरीवर आहे ती आनंद यादवांची. तिचा नायक गुणा हा रांगडा शेतमजूर गडी, तो कलेपायी नाच्या होतो, बाईची चाल शिकतो. म्हणजे गोष्टच मुळी कमावलेल्या बाईपणाची. आपल्या वऱ्हाडात खडी गंमत पाहिलेल्या माणसाला हे सांगायला नको. तिथे लुगडं नेसून नाचणारा पोरगा सकाळी तुमच्याच वावरात डवऱ्यामागे असायचा. आणि लावणीतलं बाईचं मन म्हणून आपण जे ऐकतो ते तरी कुणी लिहिलेलं? रामजोशी, होनाजी, परशराम, सगनभाऊ. अलीकडे गदिमा, शाळामास्तर जगदीश खेबुडकर, आणि 'नटरंग'मध्ये गुरू ठाकूर. सगळे पुरुष.

मग बेलाबाईंचं गाणं कसं आहे? 'वाजले की बारा' चांगलं आहे, आमच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळच चांगलं. घरी जाऊ द्या अशी विनवणी आहे, आणि आवाज असा, की हिला जायचं आहे की थांबायचं आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. ही संदिग्धता पकडणं सोपं नाही. गळा तयार, हरकती स्वच्छ. 'अप्सरा आली' मात्र आम्हाला अजून पटत नाही. त्यात सौंदर्याचं वर्णन आहे, पण समोरच्याशी बोलणं नाही. लावणी म्हणजे कुणाला तरी उद्देशून म्हटलेलं. समोर पाटील पाहिजे, नाहीतर निदान मांडवामागे लपलेला एक पोरगा तरी पाहिजे. इथे बाई चित्रासारखी उभी राहते आणि आपण लांबून बघतो.

आणखी एक. अजय-अतुल यांचा वाद्यमेळ दणदणीत, ढोलकी ऐकून पाय हलतो हे खरं. पण तो क्षणभरही श्वास घेऊ देत नाही. सुलोचनाबाईंनी ओळ तोडली की जागा रिकामी व्हायची. इथे ती जागा लगेच भरली जाते. समजण्यासाठी सवडच नाही. हा दोष गाणारीचा नाही, मांडणीचा आहे. तिला थोडी मोकळी जागा दिली असती तर तिने काय केलं असतं, असं ऐकताना सारखं वाटत राहतं.

ज्याने प्रश्न विचारला तो आज आलाय का? हं, तिकडे शेवटच्या रांगेत. तर बाबा, आवडल्या. एक पुष्कळ, एक थोडी. तेव्हा खोटं बोललो.

आता दोन्ही बायांची एकेक लावणी ऐकू. आधी बेलाबाईंची लावा, मग सुलोचनाबाईंची. पडद्यावर चित्र नको, नुसता आवाज. आणि ते दार उघडं राहू द्या, बाहेर ओट्यावर दोघं-तिघं उभे आहेत, त्यांना आत यायचं नसलं तरी ऐकू जाईल.