न वाजणारा खुळखुळा

गुलजार यांच्या ‘कोशिश’ (१९७२) या चित्रपटातील एक प्रसंग अनेक रसिकांच्या स्मरणात असेल. हरिचरण आणि आरती या मूकबधिर दांपत्याने पहिले मूल गमावलेले आहे. दुसऱ्या तान्ह्यासमोर ते खुळखुळा हलवतात. मूल मान वळवीत नाही. दोघे घाबरून डॉक्टरांकडे धावतात आणि उलगडा होतो तो असा की, मुलाचे कान उत्तम आहेत, खुळखुळ्यातच आवाज नाही. प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो. त्या निःश्वासाचीच थोडी चिकित्सा येथे करावी, असे आम्हांस वाटते.

‘कोशिश’चे मोठेपण वादातीत आहे. बहिरा माणूस म्हणजे भलतेच ऐकून हशा पिकवणारा, हा आपल्या प्रहसनांचा जुना संकेत. तो झुगारून गुलजारांनी खुणांची भाषा ही पूर्ण भाषा म्हणून पडद्यावर आणली. संजीवकुमार यांच्या अभिनयाला आणि गुलजारांच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, ते सार्थच होते. तरीही कथेला सुटकेसाठी ऐकू येणारेच मूल लागले. खुळखुळा वाजत असता आणि तरीही मूल वळले नसते, तर पुढे काय? या प्रश्नापाशी पटकथा थांबत नाही.

संजय लीला भन्साळी यांच्या ‘खामोशी’मध्येही (१९९६) मांडणी तीच आहे. गोव्यातले जोसेफ आणि फ्लॅव्ही हे आईबाप मूकबधिर. मुलगी ॲनी ऐकणारी, एवढेच नव्हे तर गाणारी. वास्तव बहुधा याच्या उलट असते. अमेरिकेतील पाहण्यांनुसार ऐकू न येणाऱ्या दर दहा मुलांपैकी नऊहून अधिक मुलांचे आईबाप ऐकणारे असतात. म्हणजे बधिरत्व ज्या घरात प्रथमच येते, त्या घराची कथा आपल्या पडद्याने जवळजवळ सांगितलेलीच नाही. अपवाद ‘ब्लॅक’चा (२००५). पण तेथील मुलगी अंधही आहे आणि कथेचा सारा भार पाण्याच्या स्पर्शाने शब्द उमगण्याच्या एका क्षणावर आहे. हेलन केलरच्या चरित्रातून आलेला हा क्षण नाट्यमय खरा. परंतु त्यामुळे चमत्काराची अपेक्षा आपल्या मनात घट्ट रुजली आहे.

तान्ह्या बाळाचे पहिले श्रवणयंत्र अशा चमत्काराला फारशी जागा देत नाही. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत यंत्र आणि शिक्षण, अशी कालमर्यादा तज्ज्ञांनी आखून दिली आहे. ती पाळली तरी खरे काम नंतरच सुरू होते. बाळाचा कान वाढतो, म्हणून कानात बसणारा साचा वरचेवर नवा करावा लागतो. तो सैल झाला की यंत्र शिट्टी घालते. बाळ ते उपसून तोंडात घालते. सेल गिळला गेला तर जिवावर बेतते, म्हणून झाकणाला कुलूप आणि यंत्राला दोरी. आईने दिवसातून दहा वेळा ते पुन्हा कानात बसवायचे आणि बोलत राहायचे. बाळ कधी किंचित थबकते, कधी चोखणे थांबवते, उत्तर एवढेच. आपली ललित वाङ्मयाची परंपरा या पुनरावृत्तीला नीरस मानते. आम्हांस मात्र ओवीचे मूळ अशाच पुनरावृत्तीत दिसते. जात्याची फेरीही रोज तीच असे.

येथे प्रश्न भाषेचा होतो, आणि तो आपल्यासारख्या घरांना विशेष लागू आहे. बारशाला आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते. मराठी घर बाराव्या दिवसापासून बाळाचे कान गृहीत धरून चालते. यंत्र नीट लागते आहे ना, हे पाहण्यासाठी डॅनियल लिंग यांनी सहा ध्वनी सुचवले: आ, ऊ, ई, म, श, स. त्यांतील ‘स’ हा उंच पट्टीतला, क्षीण ध्वनी. बधिरत्वात बहुधा आधी हरवतो तो हाच. मराठीत ‘आला’ आणि ‘आलास’ यांत फरक केवळ या ‘स’चा. ‘जेवलास?’, ‘कुठे होतास?’ यांतले ‘तू’पण त्यातच आहे. तो ऐकू आला नाही, तर आई आपल्याशी बोलते आहे की दुसऱ्या कुणाविषयी, याची एक खूण बाळाला मिळत नाही.

इंदूर, बडोदे, बेळगाव येथील मराठी घरांत अशा बाळाच्या आईला एक सल्ला हमखास मिळत आला आहे: “एकच भाषा ठेवा, शाळेची.” म्हणजे हिंदी, गुजराती, कन्नड वा इंग्रजी, आणि मराठी सोडा. हेतू चांगला असतो. परंतु दोन भाषांमुळे अशा मुलांचे नुकसान होतेच, हे मत आता तज्ज्ञांत सरसकट मान्य नाही. यंत्र वेळेवर लागले आणि बोलणे भरपूर मिळाले, तर श्रवणदोष असलेली मुलेही दोन भाषा आत्मसात करतात, असे अनुभवास आले आहे. ज्या भाषेत आईला रागावता येते, लाडावता येते, बडबडगीत म्हणता येते, ती काढून घेतली तर तिच्याजवळ मोजकी, तपासून घेतलेली वाक्येच उरतात. तेवढ्यावर बाळाची भाषा पोसत नाही. आजी-आजोबांशी त्याचा संवाद तुटतो, तो वेगळाच.

पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात मराठी टिकवल्याचा आपल्याला अभिमान आहे. ती टिकली व्यासपीठांइतकीच पाळण्याशी, हे आपण क्वचित लिहितो. आपल्या मंडळांच्या सभासदांत श्रवणयंत्र लावलेल्या नातवंडांची घरे नक्कीच असतील. त्यांनी चमत्काराची वाट न पाहता आपले रोजचे टिपण लिहावे: कोणता शब्द कितव्या महिन्यात उमटला, कोणता अडला, कोणत्या गाण्याला मान वळली. चित्रपटाने जो प्रश्न वाटेत सोडून दिला, त्याला आपल्या भाषेत मिळालेले ते पहिले उत्तर ठरेल.